राहिलेली सात वळणं

मी "बरं" म्हणालो होतो.

एवढंच. एकच शब्द. पण तो मी आजवर कुणालाच सांगितलेला नाही. माझ्या बायकोलाही नाही, आणि रश्मी तर त्या दिवशी त्याच रस्त्यावर, माझ्या थोडी पुढे सायकल चालवत होती. आल्प्सच्या त्या सहलीला या जूनमध्ये चार वर्षं होतील. चार वर्षांत तो किस्सा मी कुठे कुठे सांगितला नाही! गणपतीच्या जेवणांत, मुलांच्या ग्रॅज्युएशन पार्ट्यांत, एकदा तर दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत, तोंडात कापूस कोंबलेला असताना. मी मुळात बोलका माणूस नाही. पण ही एक गोष्ट मला छान सांगता येते असं लोक म्हणतात. दर वेळी सांगताना मी तो शब्द गाळतो. गाळून गाळून किस्सा इतका गुळगुळीत झालाय की त्या जागी मला स्वतःलाही ठेच लागत नाही.

परवा लागली.

इथे, इलिनॉयमधल्या नेपरव्हिलमध्ये, जून म्हणजे सायकलींचा महिना. हिवाळाभर गराजच्या छताला वटवाघळांसारख्या उलट्या लटकलेल्या सायकली खाली उतरतात. गल्लीत दर दोन घरांआड पंपाचा सुस्कारा ऐकू येतो. शनिवारी सकाळी सगळी गल्ली एकदम गवत कापायला निघते आणि त्या कापलेल्या हिरव्या वासाने माझं दर वर्षी एकच होतं: मी गराजमध्ये उभा असतो आणि नाकाने आल्प्समध्ये. तिथेही तोच वास होता. उतारावरचं गवत विळ्याने कापून सुकत घातलेलं, त्यात रानफुलं मिसळलेली, आणि वरून गाईंच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज. एखाद्या देवळात आरतीच्या वेळी दहा मुलं दहा तालांत घंटा बडवतात तसा.

तर परवा सायकल उतरवली. सीटखालच्या छोट्या पिशवीत पंक्चरचं सामान आहे का पाहायला हात घातला, आणि हाताला कापड लागलं. बाहेर ओढलं. घडी करून, दाबून, अगदी मुठीएवढं केलेलं एक बिनबाह्यांचं केशरी जॅकेट. उलगडलं तेव्हा त्याचा चुरचुर असा आवाज झाला. मी ते लगेच परत मुठीएवढं केलं. रश्मी दारात उभी होती. "काय सापडलं?" म्हणाली. मी म्हणालो, "काही नाही, चिंधी आहे."

म्हणजे अजूनही.

त्या जॅकेटचं सांगायचं तर आधी आमच्या तयारीचं सांगायला हवं, कारण तितकं हास्यास्पद काही मी आयुष्यात केलेलं नाही. आल्प्समध्ये सहा दिवस सायकल चालवायची ही कल्पना शिरीषची. शिरीष पुण्याचा. त्याच्या घरात चहा करायचा तरी त्याची एक्सेल शीट असते. त्याने आठ जण जमवले: तो, त्याची बायको नीता, त्यांची इथेच जन्मलेली चोवीस वर्षांची लेक इरा; मी आणि रश्मी; तिकडे वाळवंटातल्या चँडलर गावाहून देशपांडे नवरा-बायको, जे उन्हापायी पहाटे चारला उठून सायकल चालवतात आणि त्याबद्दल फार बोलतात; आणि आठवे मधुकाका.

मधुकाका तेव्हा सदुसष्ट वर्षांचे. वर्ध्याला शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले. काकू गेल्यावर लेकीने इथे आणलं. वर्ध्यात तीस वर्षं घरून शाळेत आणि शाळेतून घरी त्यांनी एकाच काळ्या सायकलवरून ये-जा केली होती, तेवढा एक अनुभव त्यांच्या गाठीशी. शिरीषने गंमत म्हणून विचारलं, तर म्हणाले, "येतो ना. काहून नाही?"

आता प्रश्न असा की आल्प्सच्या घाटांची तयारी इलिनॉयमध्ये कशी करायची? आमच्या गावात चढ नावाची वस्तू नाही. जमीन परातीसारखी सपाट. काका पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "काय बापा, सायकल शिकायला गाव बरं आहे हे, चालवायला नाही." मग शिरीषने उपाय काढला: स्टेशनजवळची पार्किंगची चार मजली इमारत. रविवारी सकाळी ती रिकामी असते. आम्ही आठवड्यामागून आठवडे त्या इमारतीच्या रॅम्पवरून गोल गोल वर जायचो, गच्चीवर पोचून श्वास घ्यायचो आणि गोल गोल खाली यायचो. खाली, वर. खाली, वर. एकदा सिक्युरिटीवाल्याने थांबवून विचारलं की तुमची गाडी सापडत नाहीये का? काका त्याला गंभीरपणे म्हणाले, "नो सर. वुई आर गोइंग टू स्वित्झर्लंड." तो बाजूला झाला. असल्या माणसांना अडवण्यात अर्थ नाही हे त्याच्या लक्षात आलं असावं.

शीटमध्ये नियम एकच ठळक होता. रोज एक जण शेवटी राहील. जो सगळ्यात सावकाश चालवतोय त्याच्या मागे. कुणी दमलं, पडलं, पंक्चर झालं, तर तो सोबत. त्या माणसाला आम्ही 'शेपूट' म्हणायचो आणि शेपटाने ते केशरी जॅकेट घालायचं, लांबून कळावं म्हणून.

तिथे पोचलो त्या दिवसापासून मी सुखात होतो. हे मी खरं सांगतोय. अपराधाची गोष्ट सांगणाऱ्याने आधी सुख सांगू नये असा काही नियम असेल तर मला माहीत नाही. सकाळी हॉटेलच्या बाल्कनीत सगळ्यांच्या सायकलच्या चड्ड्या वाळत घातलेल्या असायच्या आणि त्यांच्यामागे बर्फाचे डोंगर. नाश्त्याला बारा प्रकारचे चीज मांडलेले, आणि आमच्या टेबलावर नीताने पर्समधून काढलेली मेतकुटाची बाटली. गावागावांत दगडी कुंड, त्यात लाकडी नळातून अखंड पडणारं पाणी. इतकं गार की दात विचारायचे, काय केलं तुझं आम्ही? चढावर अंताक्षरी. एकेकाला एका श्वासात जेवढं बसेल तेवढंच गायचं, त्यामुळे कुठलंच गाणं दुसऱ्या शब्दापलीकडे गेलं नाही. आणि उतार! वीस मिनिटांचे उतार. डोळ्यांतून पाणी, कानांत वारा, बोटं ब्रेकवर गोठलेली, आणि पन्नाशीतले सात-आठ लोक शाळा सुटल्यासारखे ओरडतायत. शिरीष मला म्हणायचा, "श्रीनि, तुझा चेहरा चढावर अप्रेझलला बसल्यासारखा आणि उतारावर प्रमोशन मिळाल्यासारखा." त्याचं बरोबर होतं. मला ना चढावर कधी पुढे राहता आलं, ना कुठे. मी मधला. शाळेत मधल्या बाकावर, ऑफिसात मधल्या पायरीवर, फोटोत मागच्या रांगेत मधोमध.

काकांच्या हँडलला अडकवलेल्या पिशवीत स्टीलचा एक डबा होता. त्यात आठ बेसनाचे लाडू. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतः वळलेले. बेसन भाजताना लेकीच्या घरातला धुराचा अलार्म दोनदा वाजला होता आणि शेजारची बाई रोब घालून धावत आली होती. हे लाडू चौथ्या दिवशीच्या मोठ्या घाटावर, माथ्यावर पोचल्यावर खायचे होते. त्या घाटाचं नकाशावरचं नाव आमच्यापैकी दोघांनाही एकसारखं उच्चारता येत नव्हतं, म्हणून आम्ही त्याला 'थोरला' म्हणायचो.

"काका, एक लाडू आत्ता. वजन कमी होईल तुमचं," शिरीष रोज म्हणायचा.

"थोरल्यावर."

"अर्धा?"

"शिरीष, अर्ध्याला पाव म्हणशील, पावाला चिमूट. मी गणिताचा मास्तर आहो. थोरल्यावर म्हणजे थोरल्यावर."

तीस वर्षं सपाट रस्त्यावर सायकल मारली, म्हणायचे, एकदा त्या सायकलवाल्या पायांना दाखवायचं आहे की चढून कुठेतरी पोचताही येतं. माथ्यावरच्या पाटीशेजारी आठ जणांचा फोटो काढायचा, तो वर्ध्याला जुन्या शिक्षकांना पाठवायचा, हे त्यांनी दहा वेळा तरी बोलून दाखवलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

दुसऱ्या संध्याकाळची गोष्ट. जेवणं झाली होती. टेबलावर सफरचंद भरलेल्या गरम स्ट्रूडलचा एक तुकडा उरला होता. रश्मीने तो काकांपुढे केला.

"नको, नको. पोट भरलं."

"काका, घ्या हो, एवढासा तर आहे."

"खरंच नको. तुम्ही घ्या पोरांनो."

"काका, माझ्यासाठी."

"बरं, आण. टाकायचं कशाला."

आणि त्यांनी तो असा चवीने खाल्ला की बघत राहावं. इराने डोक्याला हात लावला. "बाबा, ही सेड नो! लाइक, ट्वाइस! व्हाय डू यू गाइज डू धिस?" शिरीष म्हणाला, "ते 'नो' नव्हतं गं. ती प्रस्तावना होती." टेबलाशी आमची व्हॅन चालवणारी रेगुला बसली होती. तिथलीच, साठीच्या आसपासची, हात लाकूडतोड्यासारखे, हसणं मोजकं. ती रोज आमचं सामान घेऊन मागून यायची. तिने इराला विचारलं की काय चाललंय. इराने तिला समजावलं: आमच्यात पहिल्यांदा 'नको' म्हटलं तर ते धरायचं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तीनदा विचारायचं. तिसऱ्यांदा जे म्हणतील ते खरं.

रेगुलाने विचार केला. "आणि एकदाच विचारलं तर?"

इरा म्हणाली, "देन इट मीन्स यू डोन्ट वॉन्ट देम टू हॅव इट."

सगळे हसलो. मी सगळ्यात मोठ्याने.

दुसऱ्या दिवसापासून रेगुलाने ते मनावर घेतलं. दुपारी सूप वाढताना प्रत्येकाला ती बोटं मोजत तीनदा विचारायची. "आणखी? ... आणखी? ... आणखी?" आणि तिसऱ्याला हो म्हटलं की विजयी मुद्रेने ओतायची. देशपांड्यांना खरंच नको होतं, त्यांनी तीन वाट्या प्यायल्या.

थोरल्या घाटाच्या दिवशी शीटप्रमाणे शेपूट मी होतो.

त्या घाटाच्या प्रत्येक वळणावर नंबराची पाटी आहे. नंबर उतरत जातात. एक नंबरच्या वळणानंतर माथा. तीसच्या वरून आम्ही सुरुवात केली. काका हळूहळू, एका लयीत, जणू शाळेत चाललेत. मी त्यांच्या मागे, केशरी. नवव्या वळणावर एका झोपडीवजा दुकानाशी सगळे थांबलो, चॉकलेट खाल्लं. मग बाकीचे निघाले, पाच मिनिटांनी काका आणि मी. आठवं वळण. सातवं. सातव्या वळणावर काकांनी पाय टेकला. दगडी कठड्याला सायकल टेकवली, पाणी प्यायले. चेहरा लाल झाला होता, पण डोळे छान होते. म्हणाले,

"श्रीनि, तू हो समोर. मी येतो हळूहळू."

मी "बरं" म्हणालो.

त्यांनी ते एकदाच म्हटलं होतं. मी सांगलीचा आहे. माझ्या आईने पाहुण्याला कधी दोन घास वाढल्याशिवाय उठू दिलेलं नाही. "तू हो समोर" म्हणजे काय, हे मला कळत नव्हतं असं नाही. मला पूर्ण कळत होतं. त्याचा अर्थ होता: थांब. निदान थांबायला आवडेल असं म्हण. मी नको म्हणेन, तू पुन्हा म्हण. आणि मी, बावन्न वर्षांचा मराठी माणूस, जन्मात पहिल्यांदाच एका ज्येष्ठाचं पहिलं वाक्य शब्दशः खरं धरलं आणि पेडल मारलं.

का? तर माझे पाय त्या दिवशी चालत होते. एवढंच कारण आहे, याहून मोठं शोधून सापडलं नाही. सकाळपासून मी काकांच्या चालीने चालत होतो आणि पायांत काहीतरी साठत गेलं होतं. वळलो तेव्हा मागे एकदा पाहिलं. काकांनी हात हलवला. मी तो 'जा' असा वाचला. सहाव्या वळणाच्या आधी मी ते केशरी जॅकेट काढलं आणि मुठीएवढं करून सीटखालच्या पिशवीत कोंबलं. गरम होत नव्हतं. चांगलीच थंडी होती. काढलं, कारण ते अंगावर असताना मला तसं चालवता आलं नसतं.

आणि मग ती सात वळणं. ती मला सांगता यायला हवीत, नाहीतर बाकीचं सगळं खोटं पडेल. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वितळत्या बर्फाचे ओहोळ खळखळत होते. गवतात बोटाएवढी निळी फुलं. कुठेतरी मार्मोट नावाचा तिथला लठ्ठ खारीसारखा प्राणी शिट्टी मारत होता. माझा श्वास मला ऐकू येत होता आणि तो माझ्यासारखा वाटत नव्हता, कुणा तरुण, निर्धास्त माणसाचा वाटत होता. पन्नाशीनंतर शरीर म्हणजे एक तक्रारपेटीच. पण त्या अर्ध्या तासात तिच्यात एकही चिठ्ठी नव्हती. पाचव्यावर देशपांडे मागे पडले. तिसऱ्यावर रश्मी. "वा रे वा!" ओरडली ती, खरंच आनंदाने. दुसऱ्यावर मी शिरीषला गाठलं.

"अरे शेपूट! काका कुठायत?"

"येतायत मागून!" मी म्हणालो, आणि त्याच्या पुढे गेलो. इराच्या पाठोपाठ दुसरा. मी, दुसरा. माथ्यावर वारा असा होता की उभं राहवेना, चारी बाजूंना बर्फाची शिखरं, आणि मी हसत होतो. कुणी पाहत नसताना माणूस हसतो तसा.

माझ्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा अर्धा तास आणि सर्वांत लाजिरवाणा अर्धा तास हे दोन वेगळे अर्धे तास नाहीत. ही माझी अडचण आहे. पश्चात्ताप करायला बसलो की पाय आनंदाने हलायला लागतात.

सगळे जमले. धुकं चढायला लागलं. मग रेगुलाची व्हॅन आली, वर काकांची सायकल बांधलेली. काका टुणकन उतरले. "चला चला, उभे राहा सगळे पाटीजवळ. मी काढतो फोटो."

"काका, तुम्ही मध्ये या. रेगुला काढेल," रश्मी म्हणाली.

"नाही. मी मोटारीने आलो. पाटीसोबतचा फोटो चढून आलेल्यांचा."

नीता म्हणाली, काका, असं काय करता. शिरीष म्हणाला, शीटमध्ये आठ आहेत, सात कसे चालतील. देशपांड्यांनी तर हात धरला. सगळ्यांनी आग्रह केला, तीनदा नाही, पाच-सहादा. काका बधले नाहीत. मी एकटा गप्प होतो. मी बोललो असतो तर त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं.

फोटो त्यांनीच काढला. सात जण. तो आमच्या हॉलमध्ये लावलेला आहे. मी हसतोय, अंगात निळी जर्सी, केशरी काहीही नाही.

मग शिरीषने विचारलंच. चेष्टेतच, पण विचारलं. "काय हो शेपूटराव, तुम्ही काकांना टाकून कसे आलात?"

"लाख म्हटलं रे. ऐकेचनात. किती आग्रह केला मी..."

आणि काका, डब्याचं झाकण उघडत, म्हणाले, "हो हो. मीच पिटाळलं त्याला."

पहिला लाडू त्यांनी मला दिला. हातावर ठेवताना म्हणाले, "घे. काय मस्त चढत होता रे! मी खालून पाहत होतो. सहाव्या वळणापर्यंत दिसलास." मग थोडं थांबून, "जॅकेट काढलंस ते बरं केलं. गरम होत असेल."

लाडू किंचित जास्त भाजला गेला होता, काळपटपणाकडे झुकलेला. इतका चांगला लाडू मी पुन्हा खाल्लेला नाही. सात लाडू वाटून झाले. आठवा त्यांनी डब्यात तसाच ठेवला, झाकण लावलं. "काका, तुमचा?" रश्मीने विचारलं. म्हणाले, "माझा माझ्याजवळच आहे की."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेगुला सायकलींना तेल देत होती. मी उगाच तिथे रेंगाळलो. तिनेच विषय काढला, खुशीत. म्हणाली, काल तुमचे अंकल मला पाचव्या वळणावर दिसले. चढतच होते. हळू, पण चढत होते. मी काच खाली केली आणि विचारलं, येता का? ते म्हणाले, नो थँक यू. थोडं पुढे जाऊन मी पुन्हा विचारलं. नो, नो, आय विल कम. मग मला तुमचा नियम आठवला. मी तिसऱ्यांदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वर रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाले, ओके. तिने तेलाची बाटली खाली ठेवली आणि तीन बोटं दाखवली. "बघ. शिकले मी."

मी तिला "व्हेरी गुड" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तिचं काहीच चुकलं नव्हतं. परक्या गावच्या बाईने आमचा नियम तंतोतंत पाळला होता. तिसऱ्यांदा विचारल्यावर नाही म्हणणं काकांच्या रक्तात नव्हतं. मी सोबत असतो तर मीच हसून सांगितलं असतं, रेगुला, नको, आम्ही दोघं येतो. एवढंच तर काम असतं शेपटाचं.

म्हणजे सातांतली दोन ते चढलेही होते. एकटे. पण घाट तुकड्यांत मोजत नाहीत, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार.

गंमत अशी की पुढचे दोन दिवस सहलीतले सर्वांत सुरेख दिवस होते, आणि त्यातला बराचसा आनंद काकांनीच आणला. एका गावात बँड चालला होता तर सायकल टाकून त्यांनी एका आजीबाईंसोबत नाचून घेतलं. एका उतारावर ते आमच्या सगळ्यांच्या पुढे गेले, दोन्ही पाय पेडलवरून उचलून, वर्ध्याच्या पोरांसारखे, आणि ओरडले, "आता कोण शेपूट रे?" त्यांच्या वागण्यात मला कधी एक कण राग दिसला नाही. दिसला असता तर मी तेव्हाच मोकळा झालो असतो, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. तेही खरं नाही. राग दिसला असता तर मी आणखी एक आग्रह रचून सांगितला असता.

आता काका एकाहत्तरचे आहेत. गेल्या वर्षी एक गुडघा बदलला. शिरीषने गेल्या आठवड्यात ग्रुपवर नवी शीट टाकली: पुन्हा आल्प्स, पुन्हा थोरला, येणार का, हो किंवा नाही लिहा. सगळ्यांनी हो लिहिलं. काकांनी लिहिलं, "तुम्ही व्हा समोर. मी इथून फोटो पाहीन." त्याखाली सहा जणांचे हात जोडलेले सहा इमोजी. मी काहीच लिहिलं नाही. मी ते वाक्य वाचत बसलो. चार वर्षांनी तेच वाक्य, आणि पुन्हा एकदाच.

काल रविवार होता. काकांकडे गेलो. जुन्या रेल्वेच्या मार्गावर आता सायकलींसाठी वाट केली आहे, तिथे ते नव्या गुडघ्याने रोज थोडं चालवतात. मी गाडीतून सायकल काढली आणि ते जॅकेट अंगात घातलं. चुरचुरलं. काकांनी हेल्मेटचा पट्टा लावता लावता पाहिलं.

"सापडलं का हे?"

"हो. पिशवीत होतं."

"हं." मग म्हणाले, "रंग टिकला चांगला."

आणि निघाले. मी मागे. दोन्ही बाजूंना ओकची झाडं, वाटेवर पानांच्या सावल्या, समोर काकांची पाठ, शर्ट वाऱ्याने फुगलेला. एक खार आडवी गेली तर त्यांनी तिला घंटी वाजवून सलाम केला. त्यांच्या मागे त्यांच्याच चालीने चालवणं किती सुखाचं आहे हे मी विसरलो होतो. पुलाशी थांबलो. मी म्हणालो, "काका, या वर्षी थोरल्यावर चला."

"नको रे, गुडघा. तू हो समोर."

तोंडात "बरं" आलं होतं. गिळलं. दुसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून चार मुलं घंट्या वाजवत आली, आम्ही बाजूला झालो, काकांनी त्यांना "गुड, गुड, फास्टर!" म्हटलं, आणि मग ते निघालेच. काकांच्या घरी पोचलो तर त्यांच्या लेकीने पोहे केले होते. मला दोनदा वाढले. मी दोन्ही वेळा नको म्हणालो होतो.

हा लेख काका वाचतील. ते मराठी छापलेलं सगळं वाचतात, जाहिरातींसकट. तोंडाने सांगायच्या आधी कागदाला सांगतोय, हाही भित्रेपणाच. पण रश्मीला मात्र छापून यायच्या आधी सांगणार आहे. आज, जेवायच्या वेळी.

एकदा विचारून झालं. दोनदा विचारायचं बाकी आहे. शिरीष, नीता, इरा आणि देशपांडे दांपत्याला सांगायचं आहे की मी आग्रह केला नव्हता, मी बरं म्हणालो होतो. आणि मधुकाकांना मी सात वळणं देणं लागतो. त्यांच्या मागे राहून, त्यांच्या चालीने, केशरी जॅकेट अंगावर ठेवून.